पाठीला न कळलेली गादी

हवेची गादी घरात आली तेव्हा ह्यांनी आधी तिला हात लावून पाहिला. बोटं पसरून तळहात दाबला, सोडला, पुन्हा दाबला. सगळा जन्म गाद्या भरण्यात गेलेला माणूस. नवी नवरी बघावी तशी गादी बघतो आणि नापसंत करायला तेवढाच उतावीळ.

"ही गादी नाही," हे म्हणाले. "हा दमेकरी आहे."

पंप लावल्यावर ती खरंच धापा टाकायला लागली. एक पट्टी फुगायची, शेजारची बसायची, मग उलट. घरभर तेच गुरगुरणं. पहिल्या दिवशी मी चारदा गॅस बंद आहे का ते पाहून आले.

"घरातला कापूस संपला का, म्हणून माझ्या पाठीखाली वारा भरताय?"

"अहो, सिस्टरनी सांगितलंय."

"सिस्टरनी किती गाद्या भरल्यात?"

मी हात पुढे केले. कूस बदलायची वेळ झाली होती.

आमचं दुकान पुढे आणि घर मागे. दुकानाच्या माळ्यावरून कापसाचा गठ्ठा ओढताना हे खाली आले. गठ्ठाही आला, पण ह्यांच्या मागून. आधी आला असता तर हे त्याच्यावर पडले असते आणि आज मी हे लिहीत बसले नसते. पाठीचा कणा दुखावला. डॉक्टरांनी सांगितलं, कमरेखालचं आता काही कळणार नाही. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा माकडहाडावर एक लाल डाग होता. मला वाटलं चादरीची सुरकुती उमटली असेल, जाईल. तो गेला नाही. त्याची साल निघाली आणि गादीच्या बटणाएवढी जखम झाली. ह्यांना तिचा पत्ताच नव्हता. दुखतच नाही म्हटल्यावर माणूस तक्रार तरी कशाची करणार!

ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर म्हणजे उंच, सडपातळ बाई. दारातूनच प्रश्न सुरू. किती वेळ पाठीवर होते? टाचा अधांतरी ठेवल्या का? अंडी खाल्ली का? वर सरकवताना ओढलं की उचललं? ओढलं म्हटलं की अशा बघायच्या, जणू मी शेजाऱ्याचं कुलूप तोडलंय. "कातडी चादरीला चिकटते आणि माणूस पुढे जातो. आतल्या आत फाटतं. उचलायचं." त्यांनीच मला लाल डागावर बोट दाबून बघायला शिकवलं. बोट काढल्यावर जागा पांढरी पडून परत लाल झाली तर ठीक, लालची लालच राहिली तर धोका. त्यावर चोळायचं नाही, तेल नाही, काही नाही. फक्त भार काढायचा. दर दोन तासांनी कूस, हवेची गादी असली तरीही.

ह्यांचा प्रश्न मात्र एकच. "दुकानात कधी बसता येईल?"

"कातडी मिटली की. उघड्या जखमेवर बसलात तर ती हाडापर्यंत जाईल. मग हॉस्पिटल, मग ऑपरेशन, मग दुकान विसरा."

ह्यांनी सगळं सोडून 'कातडी मिटली की' एवढंच ऐकलं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. झोपायच्या खोलीच्या दारातून दुकानाचा एक तुकडा दिसतो, गादी शिवायच्या लाकडी चौथऱ्याचा कोपरा आणि भिंतीला टेकलेली पिंजायची काठी. हे पाठीवर असले की मान उचलून तेवढं बघता यायचं. डाव्या कुशीवर केलं तर समोर भिंत, उजव्या कुशीवर केलं तर कपाट. कपाटाची ह्यांच्याइतकी बारकाईनं चौकशी मीही कधी केली नसेल. खालून दुसऱ्या कप्प्याचा खिळा वाकडा आहे हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांनी कळलं ते त्यामुळेच.

"अगं, हे कपाट कोणी बनवलं? त्याला कपाट बनवायचं नव्हतं, सूड घ्यायचा होता."

माझ्या कमरेचीही वाट लागली होती. कूस बदलायची म्हणजे एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली, श्वास रोखायचा आणि उचलायचं. ह्यांचे हात अजून पोलादी, कापूस पिंजलेले. ते पलंगाचा कठडा धरून मदत करायचे. पण खालचं अर्धं अंग म्हणजे ओला कापूस. उचलून झालं की मी भिंतीला टेकून उभी राहायचे. ते मान वळवून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. ह्यांचं न बोलणं मला नेहमीच महागात पडलंय.

त्यात ताई. ह्यांची थोरली बहीण, मागच्या गल्लीत राहते, रोज येते. ह्यांना अजून भुंग्याच म्हणते, कारण लहानपणी हे एका जागी ठरत नसत. येताना काहीतरी घेऊन येते आणि जाताना एक सल्ला सोडून जाते. त्या दिवशी सल्ला असा होता: "दुकान रिकामं करा. तिथं उजेड आहे, हवा आहे. पलंग तिथंच टाकू. भुंग्याला रस्ता तरी दिसेल."

ताईचा आवाज कुजबुजीसाठी बनलेलाच नाही.

"ताई," आतून हे म्हणाले, "दुकानात पलंग टाकला की ते दुकान राहत नाही. वॉर्ड होतो."

"बरं बाबा, राहू दे तुझं दुकान. जाळ्या लागू देत त्याला."

ती गेल्यावर ह्यांनी मला जवळ बोलावलं. डोळ्यांत ती चमक होती, जी अवघड गिऱ्हाईक आलं की यायची.

"मी विचार केला. जखमेवर भार नको, हाच ना सगळा घोळ? मग जखमेखाली काही ठेवायचंच नाही. चांगल्या कापसाची गादी घ्यायची, मधला कापूस काढायचा, कडेनं टाके घालून भोक पक्कं करायचं. जखम भोकात अधांतरी. कशाला लागणार नाही, कशानं दुखावणार नाही. मी पाठीवर पडून राहीन. तुला उचलापटक नको आणि मला कपाट नको."

मी ऐकत राहिले. खरं सांगते, मला ते इतकं पटलं की हे आधी कुणाला कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. गादीवाल्याच्या घरात गादीनं प्रश्न सुटणार नाही तर कुठं सुटणार?

सिस्टर त्याच दिवशी नवी जाड पट्टी लावून गेल्या होत्या. स्पंजासारखी, चांगली तळहाताहून मोठी. चार दिवस उघडायची नाही, सुटली किंवा ओली झाली तरच फोन करा, असं बजावून. म्हणजे आमच्याकडे चार दिवस होते. दोघांनीही मनात हिशेब केला होता.

त्या दुपारी दुकानाचं शटर कितीतरी दिवसांनी अर्धं वर गेलं. मी गादीपाटाचं कापड काढलं, ह्यांच्यासाठीच बाजूला ठेवलेला लांब धाग्याचा कापूस काढला. डब्याचं झाकण ठेवून भोकाचा गोल आखला. हे आतून ओरडून सांगत होते. "कड कडक भर! कड ढिली पडली तर भोक मिटेल!" मी ठासून भरली. दाभणात सुतळी ओवून कडेनं टाके घातले, जवळजवळ. हात शिवशिवत असणार ह्यांचे. मी अर्धवट गादी पलंगावर नेली तेव्हा शेवटचे टाके ह्यांनी छातीवर धरून स्वतः घातले. नाकातोंडात कापसाची तूस. शिंकले आणि हसले. किती दिवसांनी घराला औषधाऐवजी कापसाचा वास आला!

हवेची गादी काढून गुंडाळली, पंप बंद केला. शांतता इतकी झाली की मला चुकल्यासारखं वाटलं.

ते चार दिवस आम्ही राजाराणीसारखे राहिलो. हे पाठीवर पडून दुकानाचा कोपरा बघत बसायचे, हाक मारून गिऱ्हाइकांची चौकशी करायचे. मी मधून मधून उगाच उठायचे, हात पुढे करायचे आणि आठवायचं की आता उचलायचं नाही. पायाला सवय लागली होती. बसलं तरी बसवेना. "बस की गं," हे म्हणायचे, "तुलाच कुणी पाठीवर झोपवायला हवं."

सिस्टर यायच्या दिवशी सकाळी मी गुपचूप हवेची गादी परत घातली. शाळेतल्या पोरीसारखी. पंप लावला, भोकवाली गादी पलंगाखाली सरकवली. हे बघत होते.

"लपवतेस कशाला? चांगलं काम आहे."

"चांगलं आहे म्हणूनच. सांगू नंतर, जखम मिटली की."

सिस्टरनी ह्यांना कुशीवर केलं, पट्टीची कड ओली करून हळूहळू सोडवली आणि एकदम गप्प झाल्या. ही बाई गप्प होते हेच मला नवीन होतं. मी पलंगाच्या त्या बाजूला गेले.

बटणाएवढी जखम आता रुपयाएवढी होती. आणि तिच्याभोवती, चांगलं अंतर ठेवून, जांभळट काळसर गोल. कंपासनं काढावा तसा. एका बाजूला त्याची कड पांढुरकी पडून ओलावली होती. तो गोल मी ओळखला. मीच आखला होता, डब्याच्या झाकणानं.

"ह्यांना कशावर झोपवलं होतं?" सिस्टरनी विचारलं.

माझी नजर पलंगाखाली गेली. उत्तर ह्यांनीच दिलं, तेही ऐटीत. "काढ गं ती गादी. दाखव सिस्टरना. जखमेला केसाएवढा भार लागत नाही."

सिस्टरनी गादी बाहेर ओढली, भोकाच्या कडेवर अंगठा दाबला. ती कड दगडासारखी होती. मीच ठासलेली.

"जखमेला लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण मग तो भार गेला कुठं? सगळा कडेवर. तुमच्या अंगाचं वजन त्या गोलावर. जखमेला जाणारं रक्त त्या गोलातूनच जाणार ना? चार दिवस तुम्ही जखमेचा गळा आवळून ठेवला."

"पण मला काहीच लागलं नाही!"

"तुम्हाला कसं लागेल?"

त्यांनी वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. पण हे हट्टाला पेटले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. "मी एवढ्या वर्षांत एवढ्या गाद्या भरल्या. गादी कुठं टोचते ते मला पडल्या पडल्या कळतं. ही गादी चांगली आहे."

सिस्टर जखम धुवायला लागल्या. ह्यांच्याशी वाद घालायला त्यांना वेळ नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले, काचेची रिकामी बरणी घेऊन आले. कसं सुचलं माहीत नाही. काहीतरी हातात हवं होतं. ह्यांचा हात धरला, बरणीचं तोंड त्यांच्या दंडाच्या मऊ भागावर टेकवलं आणि सगळा जोर लावून दाबून धरलं.

"अगं काय करतेस? सोड."

मी सोडलं नाही. काचेतून दिसत होतं, आतलं मांस फुगून वर आलं, आधी लाल, मग निळसर.

"दुखतंय! कड रुततेय, सोड!"

"मध्ये काही लागतंय का?"

"मध्ये नाही, कडेला…"

ते थांबले. मी बरणी काढली. दंडावर गोल उमटला होता. ह्यांनी त्या गोलावर बोट दाबलं, काढलं. जागा पांढरी पडली आणि हळूहळू भरली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"इथं कळतं," ते म्हणाले. "तिथं कळत नाही."

"हो."

"म्हणजे मला आता गादी कळत नाही."

 मला असं वाटलं, हे पुन्हा माळ्यावरून पडले आणि या वेळी मला दिसलं. सिस्टर पट्टी कापता कापता म्हणाल्या, "हाताला कळते की. पाठीचं काम आता डोळ्यांनी करायचं. फोननं फोटो काढून दाखवते, बघणार?" आणि ह्यांनी पहिल्यांदा स्वतःची जखम पाहिली. बराच वेळ पाहिली. चष्मा वर केला, फोन जवळ घेतला, लांब धरला.

"फार वाईट भरलंय," एवढंच म्हणाले.

काळी कड पुढे सरकली तर हॉस्पिटल, असं सांगून सिस्टर गेल्या. पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. दुधानं तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पितात. हे ताकाकडे संशयानं बघायला लागले. घड्याळ उशाशी. वेळ व्हायच्या आधीच हाक. "अगं, कूस." पूर्ण कुशीवर नको, मागे उशी लावून अर्ध्यात कलतं ठेवा म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही, हे सिस्टरचं बोलणं ह्यांनी असं पाठ केलं की उशी बोटभर सरकली तरी मला परत बोलवायचे. चादरीला सुरकुती दिसली की ओरडायचे. कापसाची गादी मी उसवली. कापूस पोत्यात भरताना ह्यांनी स्वतःहून कपाटाकडे तोंड फिरवलं होतं, या वेळी मी कूस बदलली नव्हती.

दुकानाचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही. मला तेच सहन होत नव्हतं. मी इकडून तिकडे नुसती फिरत होते. भांडं घासायचं आणि परत तेच घासायचं. डोक्यात एकच, हा माणूस भिंत आणि कपाट यांच्यामध्ये विझून जाईल.

जखमेची काळी साल सिस्टरनी हळूहळू काढली. खाली लाल मांस दिसलं. "हे लाल चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण बसणं? महिने लागतील. तुम्ही मागे गेलात."

ताई तेव्हा दारात उभी होती. सिस्टर पायरी उतरत होत्या, तोच ती म्हणाली, "ह्याला पालथा का नाही घालत? लहानपणी हा पोटावरच झोपायचा. सरळ केला की भोकाड. आई म्हणायची, हा गादीशी काय कुजबुजतो कोण जाणे."

सिस्टर वळल्या. त्यांनी ताईकडे असं पाहिलं, जसं मी कधी ताईकडे पाहिलं नाही. डॉक्टरांना फोन केला, छातीला काही त्रास आहे का ते विचारलं, मानेचं विचारलं. मग म्हणाल्या, चालेल. छातीखाली उशी, नडग्यांखाली उशी म्हणजे पायाची बोटं टेकणार नाहीत, गुडघ्यांना मऊ काहीतरी. आधी थोडा वेळ, मग कातडी तपासायची, मग वाढवायचं.

"आणि जागा?" मी विचारलं. माझ्या डोक्यात चौथरा आला होता. गादी शिवायचा, गुडघ्याएवढा उंच, दोन माणसं मावतील एवढा.

ह्यांना सांगितल्यावर वाटलं होतं खूश होतील. चेहरा लाल झाला.

"दुकानात माणूस बसतो. पालथा पडत नाही. गिऱ्हाईक आलं तर? मी काय पाल आहे?"

"भुंग्या, पाल भिंतीवर असते," ताई म्हणाली.

"ताई, तू घरी जा."

"जाते. तू बघ कपाट."

दोन दिवस हे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी डाव्या कुशीवर करत होते, तोंड भिंतीकडे. भिंतीलाच म्हणाले, "शटर अर्धं ठेव. पूर्ण नको."

शेजारचा चष्मेवाला आणि त्याचा भाऊ आले. चादरीची चार टोकं धरून, ओढायचं नाही उचलायचं असं मी दहादा ओरडत, आम्ही ह्यांना चौथऱ्यावर नेलं. खाली जाड, सरळ गादी, भोकबिक काही नाही. पालथं घातल्यावर मी एकेक जागा बघितली, गुडघे, पायाची बोटं, कमरेची हाडं, कुठं काही दुमडलं नाही ना, चिमटलं नाही ना. छातीखालच्या उशीमुळे मान वर, दोन्ही हात मोकळे. ह्यांनी आधी भुईकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. अर्ध्या शटरखालून नुसते पाय दिसत होते, चालणारे, थांबणारे, सायकलवरचे. ते पाय बघताना हे थोडे लहान दिसले.

ताईनं न विचारता जुनी एक उसवलेली गादी पुढे आणून टाकली. दाभण दिलं. ह्यांनी बटणाचा टाका घातला. आडवं पडून घालायची सवय नाही, दोनदा चुकले. तिसऱ्यांदा सुतळी गादीच्या आरपार गेली आणि खांदे सैल झाले.

एक बाई शटरखालून वाकल्या. पाळण्यातल्या बाळासाठी गादी हवी होती. चौथऱ्यावर पालथा पडलेला माणूस पाहून क्षणभर थबकल्या. 

"उघडं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," हे म्हणाले. "पाळण्याचं माप आणलंय?"

मापांचं बोलणं सुरू झालं. मऊ नको, बाळाला घट्टच हवी, नाक रुततं, हे बजावून झालं. बाई गेल्या आणि माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. वेळ झाली होती. सिस्टरनी आजच्यासाठी सांगितलेला सगळा वेळ संपला होता. ह्यांच्या हातातला टाका अर्धा होता, सुतळी वरून खाली गेलेली, खालून वर यायची बाकी. आमच्या धंद्यात टाका अर्धा सोडत नाहीत. आग लागली तरी गाठ मारून पळतात. मला वाटलं, एकच टाका, किती वेळ लागणार? पण मग दुसरा. मी ह्या माणसाला ओळखते. आणि माझ्यानं नाही म्हणवलं नसतं, हेही मला ठाऊक होतं.

ह्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, घड्याळाकडे. दाभण तसंच गादीत सोडलं.

"चष्मेवाल्याला हाक मार," ते म्हणाले. "गुडघे बघ आधी. लाल आहेत का?"

मी पाहिले. एक किंचित लाल होता. बोट दाबलं, काढलं. पांढरा पडला, मग भरला.

"ठीक आहे."

"पुन्हा बघ."

मी पुन्हा पाहिलं. चष्मेवाला येईपर्यंत ताईनं खाली वाकून तो टाका ओढून गाठ मारली. हे मान वर करून बघत होते.

"ताई, ढिली मारलीस."

"मारली. उद्या उसव. उद्या काही काम नको का तुला?"

आम्ही चादरीची टोकं धरली. "उचला," हे स्वतःच म्हणाले, "ओढू नका."